मधला तुकडा

सरावली,
गुरुवार

प्रिय रुचिता,

मनीषच्या हातून बाळाची गोधडी पाठवते आहे. ती अंथरण्याआधी हे वाच. फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं होतं, पण तुझा आवाज आला की मी 'दूध पुरतं का, कानाला बांधतेस का' यातच घुटमळते. पत्रात निदान कोणी मध्येच 'बरं आई, ठेवते' म्हणत नाही.

गोधडी छान झाली आहे. माझं मीच सांगते, कारण तुझे सासरे सांगायचे नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं आणि 'बाळ केवढं, गोधडी केवढी' एवढंच म्हणाले. सगळं जुनेर आहे, नवं कापड बोटभरही नाही. माझ्या दोन सुती साड्या, मनीषचं झबलं, जालन्याहून येताना आणलेलं माझ्या सासूबाईंचं हिरवं लुगडं. यांचा कंपनीतला शर्ट मात्र घेतला नाही. दहा वेळा धुतला तरी त्याचा केमिकलचा वास जात नाही, आणि तो बाळाच्या नाकाशी नको.

त्या दिवशी तू म्हणालीस, आई, मधला चौकोन माझ्या आयेच्या जांभळ्या लुगड्याचा लावा, आता धुतलं तरी चालेल. मी हो म्हणाले. तो हो खोटा होता. तुझं ते लुगड्यांचं बोचकं माळ्यावर नाही. तुम्ही कोळगावला राहायला गेलात, मी 'नीट ठेवलंय, सावकाश ने' म्हणाले, तेव्हाही नव्हतं.

तुझ्या आई जमनाबाई गेल्या आणि तू नवापूरहून त्यांची दोन लुगडी न धुता घेऊन आलीस. माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलीस. ऑफिसातून आलीस की कपाट उघडायचीस आणि त्यात तोंड खुपसून उभी राहायचीस. मी माळकरी, सुक्या बोंबलाचा वास सोसत नाही, असं मी तुला तीनदा ऐकवलं. वास येत होता, खोटं नाही. पण बावीस वर्षं मी यांच्या शर्टांचा कंपनीचा वास मुकाट धुतला आहे, आणि तुझ्या आईचा मला तीन महिने सोसला नाही. खरं सांगू का, मी दोन हातांवर उभी असायचे आणि तू त्या कापडापाशी रडायचीस. माझ्यापाशी एकदाही रडली नाहीस. मी जळत होते. मेलेल्या बाईवर जळणारी मी एकटीच असेन.

मग एका दुपारी गल्लीत बोहारीण आली. तू ऑफिसात होतीस. मी दोन्ही लुगडी तिच्या पाटीत टाकली. संध्याकाळी तू विचारलंस, तर म्हणाले, प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर ठेवलीत, इथे कसर लागेल. तू शिडीसुद्धा मागितली नाहीस. तुझ्या त्या विश्वासाने मला जास्त छळलं.

तुझा फोन आल्यावर मी नवापूरला तुझ्या रंभामावशींकडे गेले. त्या मासळी पसरत होत्या. सगळं ऐकून घेतलं. आत गेल्या आणि तसलंच जांभळं लुगडं घेऊन आल्या. म्हणाल्या, "जमनीचं नि माजं एका ताग्यातलं हाय. ह्यातला तुकडा लावा. पोरीला समजनार नाय, आमी पन बोलनार नाय." माझ्यासारखीला एवढं सोपं करून देणारं माणूस भेटलं, याचीही लाज वाटली.

गोधडीला धावदोरा कडेपासून घालतात आणि फिरत फिरत आत येतात. त्यामुळे मधला चौकोन शेवटपर्यंत थांबतो, चुकवता येत नाही. चार दिवस मी कडेने फिरले. काल तिथे पोहोचले, तुकडा टाचला आणि उसवला. ज्या बाळाला अजून नाव नाही, त्याच्या अंगाखाली मी खोटं घालणार नाही. मध्ये पांढरं कापड ठेवलं आहे. मावशींचा तुकडा धुऊन याच पाकिटात घातला आहे. लावायचा की नाही ते तू ठरव. रविवारी बारशाला मी यावं की नको, तेही मनीषजवळ सांग. नको म्हणालीस तर मी घरी राहीन आणि कोणाला कारण सांगणार नाही.

एक राहिलं, आणि त्याच्यासाठीच खरं तर हे लिहायला बसले. बोहारणीने लुगड्यांच्या बदल्यात मला दुधाचं पातेलं दिलं. आपलं ते जाड बुडाचं. इथे होतीस तोवर तू ते रोज सकाळी घासायचीस आणि म्हणायचीस, आई, हे चांगलं घेतलंत, यात दूध लागत नाही. मी शेजारी उभी राहून हो म्हणायचे.

तुझीच,
गोजराबाई