चार बुश परत आले

अहो,

तुम्ही गेल्यापासून चौदा महिने मी तुमच्याशी बोलले नाही. रागावले होते. छातीत दुखतंय हे बायकोला सोडून गाळ्यातल्या हरीभाऊंना सांगितलंत, आणि वर 'वहिनीला कळू देऊ नका' म्हणालात! राग अजून गेलेला नाही. पण उद्या अकरा वाजता ती ऋजुता कागद न्यायला येणार आहे आणि त्यावर काय लिहावं ते मला सुचत नाहीये. तुम्हाला विचारल्याशिवाय या गाळ्यात मी साधं कटिंग ऑइल मागवलं नाही कधी. मग आता हे कुणाला विचारू?

काय झालंय ते नीट सांगते. तुम्ही केलेले चार बुश परत आलेत.

हो, परत! रॉकेटमधून!

आठवतं, मी लग्न होऊन कराडहून बोईसरला आले, तेव्हा तुम्ही मला पहिला बुश दाखवलात. मी म्हटलं, एवढीशी पाटलीएवढी कडी, आणि तिच्यापायी तीन दिवस जेवणाची शुद्ध नाही? तुम्ही चिडलात. म्हणालात, रॉकेटचं इंजिन ज्या सांध्यावर डोलतं ना, त्या सांध्यात ही बसते. ही अडली की सगळं अडलं. मला बापडीला काय कळणार! मी म्हटलं, मग एक जादा करून ठेवा, बिघडली तर बदलता येईल. तुम्ही किती हसलात. "अगं, ते परत येत नाही. एकदा गेलं की गेलं, समुद्रात."

तेव्हा मला ते खरंच वाटेना. एवढं घासून, पुसून, मायक्रोमीटर लावून लावून केलेली वस्तू, दहा-पंधरा मिनिटांच्या कामासाठी? आणि मग समुद्रात? आमच्याकडे लोक फुटकी बादलीसुद्धा तुळशीला वापरतात हो.

पण बावीस वर्षं आपण तेच केलं. तुम्ही लेथवर, मी तपासणीच्या टेबलावर. सरकारी रॉकेटचे बुश. खोका भरला की तुम्ही त्यावर हात ठेवायचात आणि म्हणायचात, "तक्रार करायला हा परत येणार नाही, म्हणूनच चूक करायची नाही." ड्रॉइंगवर मापात कमीजास्तीची जेवढी मुभा दिलेली, तिच्या निम्म्यातच तुम्ही बसवायचात. कशाला, असं मी शंभरदा विचारलं. एकदा तरी धड उत्तर दिलंत?

आणि ती ऋजुता आणि तिचे दोन मित्र पहिल्यांदा आले तो दिवस! मनोरच्या फाट्यावर चुकून हायवेनं भलतीकडेच गेले आणि दोन तास उशिरा पोचले. पोरांच्या मिशा नीट फुटलेल्या नाहीत, आणि म्हणे आमची रॉकेटची कंपनी! खासगी! आमचं रॉकेट वर जाईल आणि पायांवर उभं खाली उतरेल, मग तेच पुन्हा उडवू. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि म्हणालात, "वर फेकलेला दगडसुद्धा परत येतो, त्यात काय एवढं." मी टेबलाखालून तुमच्या पायाला पाय लावला, तरी थांबला नाहीत.

ऋजुता काही कमी नाही. ती म्हणाली, "काका, सरकारी रॉकेट म्हणजे चांदीची पत्रावळ आहे. एकदा जेवायचं आणि टाकून द्यायची. किती दिवस परवडणार? आम्हाला धुऊन पुन्हा मांडता येईल असं स्टीलचं ताट करायचंय."

मग हरीभाऊ कोपऱ्यातनं बोलले, "ताट आला तर पत्रावळी लावनाऱ्यानं काय खायाचा वो?" सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. पण जाताना त्यांचं ड्रॉइंग ठेवून घेतलंत, आणि तुमच्या हातचं शेवटचं काम तेच ठरलं. चार बुश. ते खोक्यात घालताना त्यांना काय म्हणालात? मी विचारणार होते. राहिलं.

तर ते रॉकेट मागच्या महिन्यात उडालं. चाचणीचंच, फार उंच नाही. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. वर गेलं, हवेत जरा थबकलं, आणि धुराळा उडवत उभंच्या उभं खाली आलं. आपला रामसुरत डबा सोडून उठला आणि ओरडला, "भाभी, लौट आया! सच में लौट आया!" मी रडले. का रडले ते विचारू नका, मला माहीत नाही.

आणि परवा कुरियरनं ते चार बुश आले. सोबत एक कागद. 'पुन्हा उड्डाणास योग्य' किंवा 'अयोग्य', एकावर खूण करायची आणि खाली बनवणाऱ्याची सही. त्यांची माणसं आपल्या परीनं तपासतीलच, पण ज्यानं केलं त्याचंही मत हवं म्हणे. ज्यानं केलं तो कुठे आहे? मी आहे.

आता माझा मूर्खपणा ऐका. पिशवी फोडली तर बुश काळेकुट्ट. काजळी नुसती! तुम्ही बुशवर कोरलेल्या अंकाच्या बाजूला तो बारीक ठिपका ठोकायचात ना, तुमची खूण, तो दिसेना. मला वाटलं, हे आपलेच कशावरून? आणि मी एक उचलला, रॉकेल घेतलं, ब्रश घेतला, आणि लख्ख धुतला! ठिपका दिसला तेव्हा कुठे जिवात जीव आला. दुसऱ्याला हात घालणार तेवढ्यात हरीभाऊ धावत आले. "वयनी, काय करताव! पिशवीवर लिवलाय, पुसू नका!"

लिहिलं होतं की. ठळक अक्षरात. काजळी कुठे बसली, त्यावरून आत गरम वारा कुठून शिरला ते त्यांना कळतं म्हणे. मी बावीस वर्षं बुश पुसून खोक्यात भरले. काळा बुश हातात आल्यावर दुसरं काय करणार मी? ऋजुताला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "असू दे काकू, तीन आहेत ना अजून." मोठ्या मनाची आहे हो पोरगी. मी तिच्या जागी असते तर फाडून खाल्लं असतं.

उरलेल्या तिन्हींचे फोटो तिनं मागवून घेतले, मग तेही धुवायची परवानगी दिली. पण माझा खरा घोळ पुढेच आहे.

'योग्य' लिहिलं की हेच चार बुश पुन्हा उडणार. पुन्हा आणि पुन्हा. मग त्यांना नवे कशाला लागतील? चाळीस बुशांची ऑर्डर देणार होते, ती गेली. आणि सरकारी कामही आता पूर्वीसारखं लागोपाठ येत नाही. आज ना उद्या तेही म्हणतील, आम्हालाही ताटच हवं. गाळ्यात सहा माणसं आहेत. हरीभाऊ अठरा वर्षं सफाळ्याहून येतात, भातकापणीचे चार दिवस सोडले तर एक खाडा नाही. त्यांना काय सांगू? मालकांनी इतकं चांगलं काम केलं की तुमचं काम संपलं?

आणि 'अयोग्य' लिहिलं तर? कुणी बोट ठेवणार नाही. उलट म्हणतील, बाई जपून वागली. नवे चाळीस करायला घेऊ. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! तुम्हीच निम्म्या मुभेत बसवले नसतेत, चारचौघांसारखं काम केलं असतंत, तर ते आपोआप झिजले असते आणि मला आज खोटं लिहायची वेळच आली नसती. एवढं चांगलं करायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?

आज दुपारी आम्ही चिरा तपासायला बसलो. लाल रंग लावला, थांबलो, पुसला, वरून पांढरी पावडर मारली. बारीकशीही चीर असली की पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. मी आणि हरीभाऊ, दोघं वाकून बघत होतो. खरं सांगू? तुम्ही ओरडाल, ओरडा. मी मनात म्हटलं, देवा, एक रेघ उमटू दे. एकच. तुमच्या कामात खोट निघू दे म्हणून मी देवाजवळ मागितलं. मी! तुमची बायको!

नाही उमटली. चारही पांढरे शुभ्र.

हरीभाऊंनी चारही बुश ओळीनं मांडले. मग म्हणाले, "मालकांचा काम हाय तो. नाय कसा लिवनार, वयनी?" मी म्हटलं, आणि तुमचं काय? तर म्हणाले, "माजा मी बगन. पन नाय लिवलात तर मी उद्या या मशिनीला हात कसा लावू?" आणि हात धुवायला निघून गेले.

मग मी तुमचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. प्रत्येक वेळी एक बुश जादा करून तुम्ही त्यात ठेवायचात, जोडीदार म्हणून. मला त्या डब्याची चीड होती. का, ते तुम्हाला माहीत आहे. सरकारी रॉकेटचं ते एक उड्डाण फसलं त्या वर्षी तुम्ही रोज संध्याकाळी त्यातल्या बुशचा जोडीदार काढून मायक्रोमीटरनं मोजत बसायचात. त्यांनी फोन करून सांगितलं होतं की तुमच्या पार्टचा काही संबंध नाही. मी सांगितलं. हरीभाऊंनी सांगितलं. तुमचं आपलं एकच, "त्यांनी तो पाहिला कुठे? तो तर समुद्रात आहे." सहा महिने धड जेवला नाहीत. मी एकदा वैतागून म्हटलं, फेकून देते तो डबा खाडीत! तेव्हा तुम्ही माझ्याकडे जे पाहिलंत ना, ते मी विसरले नाही. तेव्हा मला कळलंच नाही की तुम्ही काय शोधताय. पार्ट नीट होता की नाही, एवढंच. आणि ते सांगणारं जगात कुणी नव्हतं.

आज मी या चारांचा जोडीदार काढला. तो एका हातात, परत आलेला एका हातात. दोन्ही मोजले. तीनदा मोजले, तुम्ही मोजायचात तसे. अहो, फरक नाही म्हणावा इतका कमी आहे. आगीतून जाऊन आलाय तो, आणि घरी बसलेल्या भावासारखाच आहे!

त्या फसलेल्या रॉकेटमधला बुश कसा होता ते मला अजूनही सांगता येणार नाही. पण तोही याच हातांनी केला होता. मला आज एवढं पुरतंय. तुम्हाला पुरलं असतं का?

कोण बरोबर, सरकार की ही पोरं, मला कळत नाही. सरकारच्या चांदीच्या पत्रावळींवर आपलं घर उभं राहिलं, त्याला मी नावं ठेवणार नाही. आणि ज्यांच्या ताटामुळे तुमच्या हातचं काहीतरी या घरात परत आलं, त्यांनाही कशी नावं ठेवू? सहा माणसांचं काय करायचं, तेही कळत नाही. ऋजुताला उद्या विचारणार आहे, परत आलेले पार्ट धुवायला, तपासायला तुम्हाला माणसं लागतीलच ना? ते काम आम्हाला येतं. द्याल का? ती काय म्हणेल कोण जाणे. नाही म्हटली तर पुढचं पुढे.

कागदावर मात्र 'योग्य' वर खूण केली आहे. खाली माझी सही केली, आणि सहीच्या बाजूला पेनानं तुमचा ठिपका काढला. चुकलं असेल तर स्वप्नात येऊन सांगा, एरवी कुठलं काही सांगताय तुम्ही!

आणि एक कबूल करते. पुढच्या वेळी ते परत आले की मी हात लावणार नाही. आले तसे ठेवीन. तुम्ही रोज संध्याकाळी गाळ्यातनं काळे हात घेऊन दारात उभे राहायचात, आणि मी चुलीसमोरनंच ओरडायची, आधी हात धुवा, मग आत या! बावीस वर्षांत एकदाही 'आलात?' असं आधी विचारलं नाही.

आता काळे आले तरी आधी तेवढंच विचारीन.

तुमची,
शालन