माझा एक, माझा नऊ

प्रिय चिमणे,

माझ्या अक्षराला नावं ठेवायचं या मॅडमना कारणच काय, तूच सांग! सहा वर्षं मी त्यांच्यासाठी रानमांजरांची शी गोळा करते. हसू नकोस, शिकलेली माणसं त्यावर पुस्तकं लिहितात. मोठे रस्ते झाले आणि इथल्या जंगलाचे नऊ तुकडे पडले. पहिला रस्त्याच्या अलीकडे, नववा पलीकडे. मी शी पाकिटात भरायची, वर तुकड्याचा आकडा घालायचा. मग यंत्र सांगतं, कुठली शी कुठल्या मांजराची. मॅडम म्हणतात, मांजरं एकाच तुकड्यात कोंडून राहिली तर पिल्लं किडकी निपजतात, हळूहळू सगळी संपतात. अधूनमधून एखादं जरी पलीकडे गेलं तरी दोन्हीकडची तगतात. सहा वर्षांत एकही गेलं नव्हतं.

गेल्या महिन्यात यंत्र म्हणालं, पहिल्यातली एक मांजरी नवव्यात सापडलीय. आनंद करायचा सोडून मॅडम माझ्यावरच घसरल्या. मावशी, तुमचा एक आणि तुमचा नऊ सारखाच दिसतो, तुम्हीच घोळ घातलात. सगळ्यांसमोर! मग मीही तोंड सोडलं. दुसरीपर्यंत का होईना, शाळेत गेलेय म्हटलं. कुठली शी कुठून उचलली ते मला चांगलं ठाऊक होतं. त्यांना हाताला धरून रस्त्याखालच्या पाण्याच्या पाइपापाशी नेलं, आत रांगायला लावलं. चिखलात पावलं उमटलेली, इकडून शिरलेली, तिकडून निघालेली. मग मॅडमनी पलीकडे जाऊन स्वतःच्या हाताने शी उचलली, आकडाही स्वतःच घातला. तीच मांजरी! मॅडमना रडू आलं, माझे हात घट्ट धरले त्यांनी. मी म्हटलं, आधी हात धुवा.

चार दिवस मी ताठ मानेने फिरले. पाचव्या दिवशी मॅडमनी गंमत म्हणून माझी जुनी पाकिटं पुढ्यात मांडली. चिमणे, एक कुठला आणि नऊ कुठला, माझं मलाच सांगता येईना. आणि तुला टाकलेलं ते पत्र आठवलं.

आई आजारी पडली तेव्हा तुझा फोन लागेना, म्हणून पत्र मीच टाकलं होतं. तुझं घर नऊ नंबरचं. ते पत्र एक नंबरच्या दारात पडून राहिलं असणार. पत्र मिळालंच नाही म्हणून तू किती कळवळून सांगत होतीस, आणि मी आईच्या दिवसांत सगळ्यांसमोर तुला खोटारडी म्हटलं. मॅडमनी निदान पुन्हा जाऊन बघितलं. मी चार वर्षं बघितलं नाही. चुकले गं मी.

या पाकिटावरचा पत्ता मॅडमकडून लिहून घेतलाय, तेव्हा मिळालं नाही म्हणायची सोय नाही. तू येतेस की मी येऊ, ते पंधरा तारखेच्या आत कळव. पंधरा, अक्षरात लिहिलंय, आकडा घातलेला नाही. उत्तर आलं नाही तर मी पाइपातून रांगत येईन, सांगून ठेवते.

तुझीच,
घोळ घालणारी ताई