पेटी क्रमांक एक्केचाळीस

३ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझा लेक दोन वर्षांचा होऊन जिना चढू लागला म्हणे! आता तुझी झोप उडाली. माझी तर कधीचीच उडाली आहे. प्रयोगशाळेत जागा उरली नाही, म्हणून ओळख न पटलेल्या हाडांच्या पेट्या वीस तारखेला पुरायला जाणार. त्यांची यादी करताना एक्केचाळीस नंबरची निघाली, जिच्यापायी मला मेमो मिळाला होता. कुणाचा हात लागून हाडाची चाचणी बिघडली तर कळावं, म्हणून आम्हा कर्मचाऱ्यांचे डीएनए नमुने घेऊन ठेवतात. त्या हाडाचा निकाल नेमका माझ्याशी जुळला. निष्काळजीपणा, नमुना रद्द! चाचणीसाठी हाड कापल्याची दोन वर्षांपूर्वीची बारा फेब्रुवारी ही तारीख अजून पेटीवर आहे, आणि साहेबांचे टोमणेही अजून चालू आहेत.

दादा घरातून गेला त्याला अकरा वर्षं होतील. आईला पुन्हा विचार ना. तिचा नमुना मिळाल्याशिवाय शोध घेता येत नाही, आणि तिला तसा शब्द दिलाय म्हणून मी माझाही बेपत्तांच्या नातलगांच्या नमुन्यांत घातलेला नाही.

लोभ आहेच, उत्तराला मात्र उशीर नको.
तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईने मला चांगलंच फैलावर घेतलं. नमुना देणं म्हणजे तो मेला असं लिहून देणं, म्हणाली.

पण माझ्या डोक्यात वेगळाच किडा वळवळतोय. दोन वर्षांपूर्वी बारा फेब्रुवारीला तू दवाखान्यात माझ्या उशाशी होतीस! बाळ दोन दिवसांचं होतं आणि तू महिन्याची रजा काढून आली होतीस. मग त्या हाडाला तुझा हात लागला कसा?

रागावू नकोस, पण बघ जरा. लोभ वाढता ठेव.
तुझी धाकटी

१३ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

रजिस्टर पाहिलं. हाड दुसऱ्याने कापलं, मी पेटीला शिवलेही नव्हते. मेमो आला तेव्हा तारीख न बघता, मान खाली घालून सही केली. अशी कशी गं मी?

हाड जुनं होतं. त्यातून डीएनएचा जो अंश मिळाला तो आईकडून सगळ्या मुलांना जसाच्या तसा येतो. माझ्यात आहे तो तुझ्यातही आहे, दादातही. आज पेटी उघडली. गळ्याचं डावं हाड मोडून वाकडं जुळलंय, सायकलवरून पडल्यावर दादाचं जुळलं होतं तसंच. माझ्या टेबलामागच्याच फळीवर होती गं पेटी, दोन वर्षं.

साहेबांनाही दाखवलं. पण हा अंश दूरच्या नात्यातही जुळतो, त्यावर नाव लावता येत नाही. नव्या चाचणीला आईचाच नमुना हवा, तोही वीस तारखेआधी. तिला कसं सांगायचं ते तूच ठरव, माझी हिंमत होत नाही.

माया असू दे.
तुझी ताई

१६ मार्च

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

धाकटीने तुझं पत्र दिलं. दोनदा वाचलं. गळ्याची हाडं पुष्कळांची मोडतात. माझं म्हणणं अजून तेच आहे, तो तो नाही. उगाच स्वतःला बोल लावू नकोस, शब्द मीच घेतला होता तुझ्याकडून.

नमुना मी तिथे येऊन देईन. गुरुवारी सकाळी पोचते. पेटी फळीवरून खाली घे आणि तोवर त्याला एकटं ठेवू नकोस.

तुझी आई