डाव्या बाजूची पायरी

प्रिय दादा,

परवा पुण्याहून एक तरुण आला होता. जुन्या गाड्यांचे फोटो काढायचा नाद आहे त्याला. आपली पिकअप खालून बघायला तो चक्क मातीत आडवा झाला! मग कपडे झटकत त्याने विचारलं, "काकू, पायरी एकाच बाजूला का? आणि तीही डाव्या?" मी सांगायला लागले आणि सांगता सांगता लक्षात आलं, की यातलं बरंचसं मलाच ठाऊक नाही. तुला विचारायचं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र.

ती गाडी तू कशी आणलीस, आठवतं? नव्वदच्या सुमाराची गोष्ट. गावातले सगळे दूधवाले नवे टेम्पो घेत होते आणि तू राहुरीजवळच्या एका वीटभट्टीवरून ही गोल बोनेटची, जवळजवळ माझ्या वयाची पिकअप ओढत आणलीस. सीटवर कोंबडीने अंडी घातलेली. वहिनी ओट्यावरून म्हणाली, "संगमनेरला दूध न्यायचं का अंडी?" तू नुसता हसलास.

इंजिन तू मिस्त्रीच्या हवाली केलंस, पण काही वस्तूंना कुणाला हात लावू दिला नाहीस. डाव्या दाराखालची जादा पायरी. चढताना धरायला दाराशेजारी नळी. डाव्या सीटकडे तोंड केलेला छोटा पंखा, आणि ऊन अडवायच्या पट्टीमागे इवलासा आरसा. यातलं काहीच कारखान्यातून आलेलं नव्हतं. नगरच्या ज्या डीलरने ती गाडी नवी असताना विकली, त्याने गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून हे सगळं वरून बसवून दिलेलं.

"नले, इंजिन सगळ्यांना सारखंच मिळतं," तू म्हणायचास. "पण हे कुणीतरी मुद्दाम मागून घेतलंय. कुणासाठी घेतलं असंल?"

काय ते तुझं खूळ! शेवटी तू ठरवूनच टाकलंस, की मालकाने ही हौस बायकोसाठी केली. साडी सावरून चढायला पायरी, उकाड्याला पंखा, कुंकू नीट करायला आरसा. "काय माणूस असंल!" असं म्हणत तू तो आरसा पुसायचास, आणि आत वहिनी भांडी जरा जोरातच आपटायची. तुला ते ऐकू यायचं का रे?

वीटभट्टीवाल्याने पहिल्या मालकाचं ठिकाण सांगितलं. शिंगणापूरचे ऊसवाले, मालक वारले, बाई आहेत. मी शिकवायचे त्या शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही तुझ्यासोबत निघाले. शनीच्या त्या गावातल्या रीतीप्रमाणे घराला नुसती चौकट, दार नाही. तरी तू बाहेरच उभा राहून हाक मारलीस. पार्वताबाई बाहेर आल्या. सत्तरीच्या, ताठ. गाडी बघून जागच्या जागी थांबल्या. जवळ काही आल्या नाहीत.

"आजी," तू मोठ्या उत्साहाने विचारलंस, "ही पायरी मालकांनी तुमच्यासाठीच बसवली ना?"

"माझ्यासाठी?" त्या हसल्या. "न्हाई रं बाबा. सासूबाईंसाठी. त्यांचं गुडघं लई दुखायचं. पंखा त्यांचा, आरसा बी त्यांचाच. मी मागं, पोती धरून. सुनंनं पुढं बसायचं आमच्यात चालत नव्हतं."

"एकदाही नाही बसलात?" मी विचारलं.

"कुनी म्हनलंच न्हाई."

तुझा चेहरा असा उतरला, की मलाच वाईट वाटलं. इतके दिवस मनात जपलेला तो मालक एका वाक्यात गेला! पण तू पुढे झालास, डावं दार उघडलंस आणि म्हणालास, "आता मी म्हणतो. बसा."

त्यांनी आधी रस्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. निऱ्या आवरून धरल्या आणि चढल्या. नळीसुद्धा धरली नाही. आरशात बघून पदर नीट केला. तू विचारलंस, "कुठं जायचं?"

"आदी आमच्या जावंच्या घरावरून घे. हळू घे. आन् भोंगा वाजीव."

काय वाजवलास तू तो भोंगा, दादा! सगळी आळी बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन चढवून झाले आणि सगळ्यांदेखत तू वहिनीला म्हणालास, "चल, पुढं बस."

ती डाव्या दाराशी गेली, पायरीकडे बघितलं आणि बोनेटला वळसा घालून तुझ्या बाजूला आली. "शेजारी बसून काय करू? चालवायला शिकवा मला."

तू माझ्याकडे बघितलंस. मी हसू दाबत होते. पहिल्याच आठवड्यात तिने गोठ्याची भिंत पाडली, पण तू एक शब्द बोलला नाहीस. दिवाळीपर्यंत ती एकटी दूध घेऊन संगमनेरला जायला लागली. डेअरीतली माणसं कामं टाकून बघायला यायची!

तू नंतरही अधूनमधून पार्वताबाईंकडे जायचास. काय बोलायचात तुम्ही दोघं? नवऱ्यावरचा राग गेला होता का त्यांचा? मी विचारलं की "सांगेन कधीतरी" म्हणायचास. हे बरं केलं नाहीस हं! आणि त्या सकाळी वहिनीला पुढे बस म्हणालास, ते पार्वताबाईंमुळे, की तुझ्या मनात आधीपासूनच होतं? वहिनीला विचारलं तर म्हणते, "त्यांनाच विचारा." आता कसं विचारू?

वहिनीच्या पायाने आता क्लच दबत नाही. तू गेल्यापासून गाडी शेडमध्ये उभी होती. पण रविवारपासून मी शिकायला घेतलंय. या वयात! वहिनीच शिकवते. पहिल्या दिवशी मी गाडी फाटकातच बंद पाडली, तर काय ओरडली! तू तिच्यावर कधी आवाज चढवला नाहीस, ते सगळं ती माझ्यावर भरून काढते आहे.

दादा, तुला शब्द देते. ही गाडी उभ्या उभ्या गंजू देणार नाही. संक्रांतीच्या बाजाराला वहिनीला संगमनेरला मीच घेऊन जाईन, मग वाटेत तिने कितीही आरडाओरडा करू दे.

तुझी,
नली