वहिनीची गादी आणि माझं संशोधन

तीर्थस्वरूप सौ. वहिनीस,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण त्यासाठी नाक जमिनीला टेकावं लागतं आणि आमच्या घरच्या जमिनीशी सध्या माझ्या नाकाचं पटत नाही (का ते येईलच पुढे). तुझी तब्येत विचारायला मला तोंड उरलेलं नाही. दादा म्हणतो, रक्तदाब आटोक्यात आहे, फक्त माझा विषय निघाला की चढतो. तेव्हा हे पत्र बसून वाच.

उभी हयात मी दमा आणि ॲलर्जीवर काढली. लोकांच्या गाद्यांमधली धूळ यंत्राने ओढायची, तिच्यातले डोळ्यांना न दिसणारे किडे मोजायचे आणि किडे जास्त तिथे दमा जास्त हे दाखवायचं, असं माझं काम. (जावई डॉक्टर म्हणून केला, निघाला गादीवाला, असं आमचे सासरे चारचौघांत म्हणतात.) परकी माणसं आपली गादी दाखवायला लाजतात, म्हणून या खेपेला नात्यातल्यांपासून सुरुवात केली. तू कौतुकाने दार उघडलंस, तुकडे जोडून शिवलेली तुझी रजई स्वतः उचलून दिलीस. मी तिचा फोटो काढला तेव्हा तू केस सारखे करून बाजूला उभी राहिलीस, तुझाच काढतोय असं वाटून.

पुढचं तुला ठाऊक आहे, तरी माझ्या तोंडून ऐक. तुझ्या गादीचा आकडा असा आला की माझ्या हाताखालच्या मुलीने मोजणी पुन्हा करू का म्हणून विचारलं. मला शंका यायला हवी होती, मला झाला आनंद. भर परिषदेत पडद्यावर तुझी रजई लावली आणि अशा घरात श्वास घ्यायलाच धाडस लागतं, असं म्हणालो. लोक हसले. (नाव मी गुप्त ठेवलं होतं. रजई गुप्त ठेवायची राहिली.) दुसऱ्या दिवशी ती पेपरात आली आणि तुझ्या अख्ख्या इमारतीने ओळखली. समोरच्या बाईंनी तुझ्याकडून नेलेली उशी लांब हात करून परत दिली म्हणे. तू गादी रस्त्यावर नेऊन टाकलीस आणि तेव्हापासून, असल्या गुडघ्यांनिशी, जमिनीवर झोपतेस.

आई गेल्यावर मला तू वाढवलंस. माझ्या छातीत शिट्टी वाजते म्हणून चादरी उकळत्या पाण्यातून काढायचीस, हात भाजले तरी. ते शास्त्र मी पुढे पदव्या घेऊन शिकलो आणि जगाला घाणेरडं घर म्हणून दाखवलं ते तुझंच. मला फार लाज वाटते, वहिनी. आरशात बघवत नाही, म्हणून दाढी वाढली आहे.

आता खरं काय ते. धूळ ओढायच्या यंत्रात दर घरी नवी पिशवी घालायची असते. हा नियम मीच केला, नवशिक्यांना मीच ओरडून सांगतो. परवा कपाटात तुझ्या घरासाठीची पिशवी सापडली, कोरी, सील न फोडलेली. तुझ्याकडे आलो तेव्हा यंत्रात होती ती आदल्या दिवशीची, तिच्यात मी सराव म्हणून एक गादी झाडून घेतली होती. कोणाची ते विचारू नकोस. बरं, विचार. माझी. ती पुन्हा झाडून मोजली, आकडा जवळजवळ तोच. म्हणजे त्यात तुझ्या घरची धूळ असून नसल्यासारखी. चूक कबूल करून पेपरला लिहिलं आहे, सोबत माझ्या गादीचा फोटो.

तुझा (ठेवलास तर) धाकटा दीर,
शिट्टी

ता. क. पेपरला लिहिलेलं तुझ्या जावेने आधीच वाचलं. तेव्हापासून आमच्याकडे गाद्या, पडदे, गालिचे बडवणं चालू आहे (बडवताना ती बघते माझ्याकडे). त्या धुळीने माझा दमा इतक्या वर्षांनी उसळला. ती म्हणते, सगळं स्वच्छ होईपर्यंत कुठेही जा.

ता. क. दुसरा. मला धड श्वास घेता येईल असं घर मला एकच माहीत आहे. म्हणून हे पत्र पोस्टाने नाही, दाराखालून येतंय. मी बाहेर पायरीवर बसलोय, शेजारी तुझ्यासाठी नवी गादी आहे. मघाशी दादाने दार उघडलं, मला पाहिलं, "तिला विचारल्याशिवाय नाही रे बाबा," म्हणाला आणि लावून घेतलं. आत घे किंवा नको घेऊस, पण पिशवीचा भाग तेवढा मोठ्याने वाच. समोरच्या बाईंचं दार उघडं आहे. मीच ओरडून सांगितलं असतं, पण दम पुरत नाही.