काकूंचा उजवा हात

४ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण, तुझ्या लाडक्या भाचीचं वर्ष वाया जाण्याच्या बेतात आहे. बाबांना यातलं काही बोलू नकोस.

आमच्या फिजिओथेरपीच्या वॉर्डात शिवणकाम करणाऱ्या एक काकू आहेत. अर्धांगाच्या झटक्यानं उजवा हात लुळा पडलाय. पुन्हा कात्री धरता येईल का, असं त्यांनी काल विचारलं. मी म्हटलं, "मला माहीत नाही, बाईंना विचारून सांगते." आम्हाला शिकवणाऱ्या त्या बाई नेमक्या मागेच उभ्या! सगळ्यांदेखत मला फैलावर घेतलं. पेशंटसमोर माहीत नाही म्हणायचंच नसतं, तुमच्या पिढीला नुसते खांदे उडवता येतात, म्हणे. माफीचं पत्र देईपर्यंत मला वॉर्ड बंद. हजेरी आधीच काठावर, म्हणजे परीक्षा हुकलीच.

खरं बोलले, त्याची माफी कशाला मागू? तूही नर्सिंगच्या मुलींना शिकवतेस. आम्ही खरंच इतके वाया गेलोय का?

रागावलीस तरी लोभ तेवढा ठेव.
तुझी ठमी

७ ऑगस्ट

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

आमच्या स्टाफरूममध्येही रोज हेच दळण असतं. तुम्ही फोन खाली ठेवत नाही, काही बोललं की तोंड फुगवता. आणि माझ्या मुली म्हणतात, मॅडमना ओरडण्यापलीकडे काही येत नाही. दोन्हीकडे थोडं खरं आहे.

तुझ्या बाईंचं मला पटलेलं नाही. पण 'विचारून सांगते' म्हणालीस ना? मग विचारलंस का? तू बसलीस रुसून आणि काकू राहिल्या तशाच. माफीचं नंतर बघू, आधी विचारून ये.

तब्येतीला जप, जेवत जा.
तुझी आत्या

११ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी चिडले, मग बाईंच्या खोलीत गेले. माफीचं पत्र आणलं असेल म्हणून त्यांनी हात पुढे केला. मी काकूंच्या हाताचं विचारलं. बाई बराच वेळ रिपोर्ट चाळत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, इतक्यात कुणालाच सांगता येणार नाही. त्या उठल्या आणि मला घेऊन वॉर्डात गेल्या.

काकूंची बोटं एकेक उघडत त्यांनी काकूंनाही तेच सांगितलं. रोज व्यायाम केला तर आशा आहे, असंही म्हणाल्या. काकू माझ्याकडे बघत होत्या. "तू परत आली नाहीस, तेव्हाच समजले हात गेला म्हणून. परवा मशीन विकून टाकायला लावलं घरच्यांना."

बाईंनी पिढीचं नाव काढलं नाही, माफीचंही नाही. काकूंचा व्यायाम उद्यापासून माझ्याकडे दिलाय. वर्ष वाचलं, आत्या, पण मला जराही आनंद झालेला नाही.

आहे तशी तुझीच समज.
ठमी