मोबाईलमधल्या बाई

हिंगोली,
सोमवार, सकाळ

प्रिय करुणा,

काल संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढत होते. तुझ्या बाबांनी फोन कानाला लावला आणि तो न ठेवताच आतून ओरडले, "अहो, सही केली न्हाई म्हने पोरीनं!" शेजारच्या बाईंना वाटलं, तुझं लग्न ठरून मोडलं. त्या भिंतीवरून डोकावून "काय झालं हो, काय झालं?" करत राहिल्या, आणि मी हातातल्या चादरीसकट धुण्याच्या दगडावर बसले. रात्री पडल्या पडल्या झोप लागली. बाबा म्हणतात, घोरले. ते खोटं असणार. सकाळी उठून चहा केला आणि तुला फोन करायच्या ऐवजी कागद घेतला. का, ते शेवटी सांगते. शेवटचं पान आधी वाचायची तुझी सवय मला माहीत आहे. ती आज आवर.

बाबांकडून बाकीचंही कळलं. गुंतवणूकदारांनी हात काढून घेतला, शौनक दुसऱ्या कंपनीत गेला, आणि ते काचेचं ऑफिस सोडून तुम्ही चौघीजणी एका फ्लॅटच्या हॉलमध्ये बसता. बरं झालं. त्या ऑफिसात मी एकदाच आले होते. खेळायला टेबल होतं, लोळायला गाद्या होत्या, पण प्यायचं पाणी कुठे आहे हे तीन जणांना विचारावं लागलं. शौनकवर डूख धरू नकोस. कंपनी तुम्ही दोघांनी मिळून काढली, तोही राबला. त्याला गुंतवणूकदारांच्या करारावर सही करायची होती, तुला नव्हती. त्यात कुणी चोर ठरत नाही. हॉलला पंखा आहे ना? जेवण वेळेवर कर. वसमतकडचा हळदवाल्या शेतकऱ्यांचा गट तुमची फोनवरची सल्ल्याची सेवा वर्गणी देऊन चालवायला तयार आहे म्हणे. हे मला त्या सगळ्या बड्या आकड्यांपेक्षा जास्त कळतं. ज्याला उपयोग होतो त्याने थोडे पैसे द्यावेत, ज्याने काम केलं त्याने ते घ्यावेत. एवढं साधं कुणी आधी का सुचवलं नाही, की सुचवणाऱ्याला तिथे बसूच देत नाहीत?

पहिल्या वर्षी तू मला सांगायचीस, आई, सध्या फक्त माणसं जोडायची, कमाईचं नाव काढायचं नाही, गुंतवणूकदारांना तेच हवं असतं. पुढच्या वर्षी तेच लोक विचारायला लागले, कमाई कुठे आहे? त्याच्या पुढच्या वर्षी एआय आलं, आणि मग ज्याच्या नावात एआय नाही त्याला दारातही उभं करत नाहीत असं झालं. तू घाबरून मला समजावत होतीस आणि मला आमची शाळेतली परिपत्रकं आठवत होती. कधी शिक्षण कृतियुक्त व्हायचं, कधी आनंददायी, कधी ज्ञानरचनावादी. फळा तोच, खडू तोच, पोरंही तीच. आम्ही नवं नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहायचो आणि पाढे म्हणून घ्यायचो. पण हेही कबूल करते की तुझं यंत्र नुसतं नाव नव्हतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईने साध्या फोनवरून आपल्या बोलीत विचारावं, हळदीची पानं पिवळी काहून पडून राहिली, आणि तिला तिथल्या तिथे नीट उत्तर मिळावं, हे काम मला पटलं होतं. म्हणून तर मी त्याला माझा आवाज दिला.

ते उन्हाळ्याचे, रेकॉर्डिंगचे दिवस आठवतात? खिडक्यांना रजया लावल्या होत्या, पंखा बंद, बाबांना बाहेर घालवून दिलेलं आणि मी घामाघूम होऊन वाचत होते. "शेतात पाणी साचू देऊ नका." "आधी खालची पानं बघा." "ऐका, मध्ये बोलू नका." हे शेवटचं तुझ्या कागदावर नव्हतं, ते मी फेरीवाल्याला म्हणाले होते, पण तुम्ही ते ठेवलं आणि लोकांना तेच सगळ्यात आवडलं. तू म्हणालीस, एवढं वाचलंस की पुरे, आता यंत्राला तुझा आवाज कळला, तू न बोललेलंही ते तुझ्या आवाजात बोलेल. तेव्हा मी हसले. त्या वाक्याचा नीट विचार करायला हवा होता. तूही, मीही.

त्यानंतर ते गुंतवणूकदार गृहस्थ आले, पांढऱ्या बुटांचे. तू त्यांना आपलं घर दाखवायला आणलंस. त्यांनी पोहे खाल्ले, माझं बोलणं ऐकलं आणि टाळी वाजवून म्हणाले, "मॅडम, आप ही तो हमारी सबसे बड़ी ॲसेट हैं!" बाबा खूश झाले. ते गेल्यावर मला म्हणाले, "बघा, मालमत्ता झालात तुम्ही." मी सावध झाले ती तेव्हाच. मालमत्ता कुणाच्या तरी नावावर असते. ती विकतात, भाड्याने देतात. पुढे तूच सांगितलंस की त्यांच्या ओळखीची एक पिकांची औषधं बनवणारी कंपनी आहे, आणि पैसे येणार ते तिचा माल आपल्या सेवेतून सुचवायच्या अटीवर. मी विचारलं, कुणी सुचवायचा? तू म्हणालीस, ते अजून ठरायचं आहे.

तुझे आजोबा, माझे वडील भिवाजी, तू पाहिले नाहीस. आमच्या गावी, हट्ट्याला, बैठक बसायची तेव्हा ते पारापासून लांब, कडेला उभे असायचे. विहिरीचा झरा कुठे लागेल, नाल्याचं पाणी कुठून फुटेल, हे त्यांना कळायचं आणि ते सांगायचेही. कुणी मान वळवायचं नाही. मग तेच दुसरा कुणी पारावर बसून बोलायचा आणि माना डोलायच्या, "बराबर आहे." घरी येऊन वडील कधी चिडले नाहीत. मला मात्र म्हणाले, "तू असं शीक की तुझं तुलाच सांगता यावं." नांदेडला बी.एस्सी. करताना मी वसतिगृहाच्या गच्चीवर मोठ्याने वाचायची सवय लावून घेतली, एकेक शब्द सुटा. मला तुम्ही सगळे खेकसणारी म्हणता. तो आवाज असा कमावलेला आहे. त्याच हट्ट्याच्या शाळेत मी पुढे शिकवलं, आणि रिटायर व्हायच्या आधी त्याच पारावरची माणसं म्हणायला लागली, "बाई म्हनल्या म्हंजे झालं." हे तुला कधी सविस्तर सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं, असं आता वाटतं. पण आपल्या घरात असल्या गोष्टी जेवताना काढत नाहीत.

वर्षावासाच्या पावसाळी महिन्यांत मी विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचायला जायचे. यंदा एका संध्याकाळी वाचन संपल्यावर एक म्हातारी मला म्हणाली, "बाई, तुमच्यापरीस त्या मोबाईलमंदल्या बाई बऱ्या. लई गोड बोलून राहिल्या आताशा. 'माझ्या ताई' म्हनत्यात. तुमी निस्त्या खेकसता." सगळ्याजणी हसल्या, मीही हसले. घरी येताना मात्र आठवून पाहिलं. मी कुणाला "माझ्या ताई" म्हटलेलं नाही, जन्मात नाही. गोड बोलायची गरज कुणाला पडते? ज्याला काही विकायचं असतं त्याला.

आणि त्याच आठवड्यात भिकाबाई आली. हट्ट्याची, तिच्या पोरीला मी शिकवलं. एसटीने इथवर आली, पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली बाटली काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "बाई, तुमी म्हनलात, माझ्या ताई, कंद फुगवायला ही बाटली आना, आन् मंग पंपामंदी... आन् तेवढ्यात फोनच कटला. पुन्हा लावला तं पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हनलं, जाऊनच इचारावं. किती टाकायची?" मी म्हटलं, मला माहीत नाही. ती हसायला लागली. "काहून मस्करी करून राहिल्या? तुमीच तं सांगितलं." मी तिला समजावलं की ती मी नव्हते, यंत्र होतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं शब्द फिरवणाऱ्याकडे पाहतात. "आवाज तं तुमचाच व्हता, बाई." बाटली परत कर म्हटलं, तर म्हणाली, "काल आना म्हनलात, आज वापस करा म्हनता. एक काय ते ठरवा बरं."

तिला भाकरी वाढली आणि तिच्याबरोबर एसटीत बसून हट्ट्याला गेले. दुकानदार मला पाहून उठून उभा राहिला. फळीवर त्याच बाटल्या ओळीने मांडलेल्या. "या बाई, या! तुमच्या आवाजानं माल खपून राहिला, चहा तरी घ्या." करुणा, मी आयुष्यात पुष्कळ टोमणे ऐकले आहेत. हा टोमणा नव्हता, तो मनापासून आभार मानत होता. चहा न घेता मी भिकाबाईचे पैसे परत घेऊन दिले आणि दुकानाबाहेर येऊन तुला फोन लावला. जे घडलं ते सांगितलं. तू म्हणालीस, "आई, पाच गावांत फक्त चाचणी चालू आहे. सही अजून व्हायची आहे." मी फोन ठेवला. त्यानंतर तुझा एकही फोन घेतला नाही.

तुला वाटलं, आई रागावली. रागावले होतेच. पण फोन न घेण्याचं कारण राग नव्हतं. बाबा रोज माझ्यामागे लागायचे, "अहो, एकदा बोला तिच्याशी. तुम्ही दोन शब्द बोललात तर पोरगी ऐकंल." मी म्हणायचे, म्हणूनच बोलत नाही. तुझी शाळा मी ठरवली, शाखा मी ठरवली, वसतिगृहात कोणत्या खोलीत राहायचं तेही मीच. हा आवाज चढला की तू कधी नाही म्हणू शकली नाहीस. मी "करू नकोस" म्हटलं असतं तर तू केलं नसतंस. पण मग तुझी कंपनीही पुन्हा त्याच आवाजावर चालली असती, ज्याच्यावर त्या बाटल्या चालल्या. ठरवायचं होतं तुला. म्हणून मी तोंड मिटून बसले. विहारात वाचायचे, घरी येऊन गप्प. बाबा म्हणायचे, मोबाईलमधल्या बाई तरी बऱ्या, उत्तर देतात. किती जड गेलं ते तुला कधी कळू नये.

काल फोनवर तू बाबांना विचारलंस म्हणे, की आईचा आवाज यंत्रातून काढून टाकला आहे, आता दुसऱ्या कुणाचा घ्यावा लागेल, आईला चालेल का? याचं उत्तर द्यायला हे पत्र लिहिते आहे, आणि कागदावर अशासाठी, की निदान हे तरी कुणाला माझ्या आवाजात बनवता येणार नाही. दुसऱ्या कुणाचा घेऊ नकोस. माझाच घे. पण पुन्हा नव्याने, आणि माझ्या अटीवर. फोन उचलला की यंत्राने आधी सांगायचं, "हे यंत्र आहे, बाई नाहीत." गोड बोलायचं नाही. विकायचं काही नाही. आणि त्या उन्हाळ्यात तू माझ्याकडून एवढी वाक्यं वाचून घेतलीस, त्यांत एक वाक्य नव्हतं, ते हवं. भिकाबाईला मी ते म्हटलं तर तिला मस्करी वाटली, कारण तिच्या मोबाईलमधल्या बाई ते कधी म्हणतच नाहीत. येत्या रविवारी ये, रजया मी धुऊन ठेवते. तू बाबांना आणखी एक विचारलंस, ते त्यांनी मला भीत भीत सांगितलं: सही केली असती तर आई माझ्याशी बोलली असती का? पहिलं ते राहून गेलेलं वाक्यच वाचू, म्हणजे यंत्रही शिकेल आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तरही होईल. मला माहीत नाही.

तुझीच, समोर बसून खेकसणारी,
आई